डब्यावरचा ‘इन’

माझे विषय उर्दू आणि मराठी. मागच्या वर्षी इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले आणि सातवीचे त्यांचे तास आठवडाभर माझ्याकडे आले. माहितीकडून अज्ञाताकडे जावे, असे बी.एड.ला घोकले होते. म्हणून फळ्यावर लिहिले : नापसंत, नालायक, बेकायदा. पुढचे अक्षर नकार सांगते. तसाच इंग्रजीतला ‘इन’. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. मुलांनी पटापट वीस शब्द लिहिले. मी खूश.

तीन दिवसांनी एक मुलगा गप्प गप्प बसलेला. त्याच्या अब्बांचे गाड्या रंगवायचे गॅरेज आहे. आदल्या संध्याकाळी लाईट गेली, तर पठ्ठ्याने मेणबत्ती पेटवून थेट थिनरच्या उघड्या डब्याशेजारी ठेवली. अब्बांनी धावत येऊन ती विझवली आणि एक कानाखाली दिली. अल्लाहचे शुक्र, तेवढ्यावरच भागले.

“अरे, डब्यावर लिहिलेलं असतं ना?”

“सर, डब्बेपे इन लिखेला था. इन्फ्लेमेबल. मतलब जलता नहीं.”

मी काय बोलणार? नियम माझाच होता.

लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ सांगणारा. इन्फ्लेमेबल हा दुसऱ्याच्या घरातला : पेट घेणारा. हाच घोटाळा मोठ्यांचाही होऊ नये म्हणून आगीपासून सुरक्षेचे काम करणाऱ्या लोकांनी फ्लेमेबल हा शब्द पुढे आणला. दोन्हींचा अर्थ एकच. आपल्याकडच्या डब्यांवर आणि खंबाटकी घाटातून जाणाऱ्या टँकरांवर मात्र अजून ‘हायली इन्फ्लेमेबल’च दिसते.

इन्व्हॅल्युएबल तर आणखी फसवा. त्यात नकार आहे, पण किंमत नाही असे तो म्हणत नाही; किंमत करता येत नाही असे म्हणतो. आपला अमूल्य तसाच, उर्दूतला अनमोलही.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून पुन्हा सुरुवात केली. बेगम हा शब्द बे अधिक ग़म नव्हे, तो तुर्कीतून आला. वर्षाच्या गव्हाची बेगमी मात्र खरोखर बे अधिक ग़म, घोर नसलेली. एका अक्षराने केवढा फरक! इथे वाईत विश्वकोशाची कचेरी. तिथून खंडांच्याही आधी, 1973 साली परिभाषा संग्रह निघाला. इंग्रजी संज्ञांना मराठी शब्द देणारा. सुरुवातीची अक्षरे सारखी असलेले शब्द त्या पानांवर शेजारी शेजारी असतात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा बघावा लागतो. हे मला त्या थिनरच्या डब्याआधी आठवायला हवे होते.

तास संपताना मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, मग नाश्त्यातला ‘ना’ कुठला?”

वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन फारसी कोश उघडला. नाश्ता : सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी.

सकाळी शाळेत गेल्यावर आधी तिच्या बाकापाशी गेलो.