जखमेतून आलेला शब्द

खरचटलेल्या जागेतून किंवा फुटलेल्या फोडातून जे चिकट पाणी झिरपते, ती लस. ‘जखमेतून लस येते’ हे वाक्य मराठी घरांत आजही सहज बोलले जाते. रोगापासून वाचवणाऱ्या औषधालाही हेच नाव मिळाले, कारण सुरुवातीला ते औषध खरोखरच फोडातले पाणी होते. इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावर उठलेल्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगाच्या, फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातली. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात. ‘व्हॅक्सिन’ त्यावरून आले. इंग्रजीने गाय लक्षात ठेवली, मराठीने फोड.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. पुढे तिच्या दंडावरच्या फोडातून इतर मुलांना, त्यांच्यापासून आणखी कोणाला, अशी ती दंडादंडांवरून इतर शहरांत पोचली. लोक मात्र ‘देवी काढणे’ म्हणत. रोगाचे नाव देवी आणि त्याला अडवणाऱ्या टोचणीचेही देवीच. भीती आणि आधार एकाच शब्दात सामावणारा हा प्रयोग फार सुंदर आहे. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. नव्या पिढीच्या दंडांवर त्या टोचणीच्या खुणा नाहीत आणि बोलण्यात तो वाक्प्रचारही उरला नाही.

‘लस’ टिकली, कारण तिचा अर्थ रुंदावला. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती मारलेल्या जंतूंपासून बनवलेली होती. फोडाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

रोजच्या आयुष्यात मात्र हा शब्द कमीच ऐकू येत असे. जन्मताच बीसीजी, मग पोलिओचे ‘डोस पाजायचे’, गंज लागलेला खिळा टोचला की ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’, कुत्रा चावला की पोटातली ‘चौदा इंजेक्शने’. या सगळ्या लसीच, पण त्यांना लस कोणी म्हणत नसे. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत ‘लस घेतली का?’ हा प्रश्न दारोदार विचारला गेला आणि शब्द सर्वांच्या तोंडी आला.

‘सर्पदंशाची लस’ हा प्रयोग मात्र चुकीचा आहे. लस शरीराला रोगाची ओळख आधी करून देते आणि प्रतिपिंडे शरीर स्वतः बनवते. साप चावल्यावर देतात ते प्रतिविष; त्यातली प्रतिपिंडे घोड्याच्या रक्तात तयार झालेली असतात. हा फरक शाळेतच शिकवला पाहिजे.

व्याकरणात लस म्हशीच्या वाटेने जाते: म्हैस–म्हशीचा, तशी लस–लशीचा. ‘लसीचा’ हे रूपही आता सर्रास छापले जाते. ‘लसीकरण’ हा संस्कृत घडणीचा जोडशब्द असल्याने त्यात ‘स’ कायम राहतो.