भंडारदऱ्याची काळी भाकरी

भंडारदऱ्याला गेलेली मंडळी १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण पाहतात अन् परततात. त्यांनी रतनवाडीकडे जाताना नागलीची भाकरी जरूर चाखावी. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पीठ कढत पाण्यात मळून भाकरी हाताने थापावी लागते. जर्मनीतल्या वेस्टफालियाचा 'राय' धान्याचा काळा पाव, पंपरनिकेल, भट्टीत किमान १६ तास मुरतो; ही तव्यावर पाहता पाहता फुगते. कूळ मात्र एकच : हलक्या जमिनीतले गरिबाचे धान्य! प्रवरेचे अडवलेले पाणी खाली उसाला जाते. उतारावरची नागली पावसाच्याच भरवशावर. चिखलात वाकून ती लावणारे हात थांबले, तर धरण राहील, भाकरी उरणार नाही.