कॉर्डोबा येथील शाकाहारी पान

स्पेनमधील कॉर्डोबा नगरीं शाकाहारी प्रवाशानें उपाशी राहण्याचें कारण नाहीं. मात्र विचारण्याचा संकोच नसावा. १२३६ पासून चर्च बनलेल्या प्रख्यात मशिदीलगत ‘सांतोस’ नांवाचें उपाहारगृह आहे. तेथील बटाट्याच्या जाडजूड ‘तोर्तिया’ची कीर्ति मोठी, पण त्यांत अंडीं असतात. टोमॅटो, पाव, लसूण व ऑलिव्हचें तेल घोटून केलेलें थंडगार ‘साल्मोरेखो’ आपल्या जिभेस सहज रुचतें. त्यावर डुकराचें मांस व अंडें पसरण्याची चाल आहे. म्हणून ‘सिन हामोन, सिन वेवो’ असें आधींच सांगावें. तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी, हा बेत तर मला घरचाच वाटला! दुपारचें जेवण २ नंतर, रात्रीचें ९ नंतर. परमुलखांत नियम पाळणें म्हणजे यजमानावर रुसणें नव्हे. त्यास गोड शब्दांत विचारणें होय.