चिंगीचा जॉब

सिलॅबस बदलला की दर वेळी हॉस्टेलवर एक बोंब उठते, 'आमच्या बॅचला गिनीपिग केलंय!' मीही ती मनापासून मारली आहे. पण खरा गिनीपिग मी पहिल्यांदा पाहिला तो सेकंड इयरला, आणि तोही आमच्याच घरात. बाबांनी धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला आणलेला. तपकिरी-पांढरा गोळा, नाव चिंगी. या प्राण्याचा गिनी देशाशी संबंध नाही, डुकराशी तर नाहीच. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजकडचा. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी असाच एक गिनीपिग बर्फाच्या कॅलरीमीटरमध्ये ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं. म्हणजे आपण थर्मोच्या पेपरात जे भोगतो, ते चिंगीच्या खानदानाने आधीच भोगलंय.

तर एक दिवस बहिणीचा फोन. "दादा, चिंगी पिंजऱ्याच्या तारा चावते. तिला चावायला लाकडाचं खेळणं लागतं म्हणे. तू इंजिनिअर ना, बनव की."

आता फर्स्ट इयरला कार्पेंटरीत माझा टी-लॅप जॉइंट इतका ढिला झाला होता की मामांनी तो नुसता हलवून दाखवला आणि सगळी बॅच हसली होती. पण घरी हे कुणाला माहीत! भंगारातला प्लायवूडचा तुकडा उचलला, छोटं घर केलं, चिकटवलं, चार खिळे मारले, वरून व्हार्निशचे दोन हात. राखीला नेऊन दिलं. बहीण इतकी खूश की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी दुसरं घर करायला बसलो, तेव्हा मामा मागे येऊन उभे राहिले.

"कशासाठी रे?"

"गिनीपिगला चावायला."

मामांनी प्लायचा तुकडा माझ्या हातातून घेतला, आडवा धरला आणि नखाने थर मोजले. "पाच थर. म्हणजे मधे चार वेळा गोंद. वर व्हार्निश. अन् हे जनावराला खायला घालतोस?"

मी गार. अहो, यूरिया फॉर्माल्डिहाइड रेझिनची रिअ‍ॅक्शन मी केमिस्ट्रीच्या पेपरात सहा मार्कांना लिहिली होती, 'युजेस'मध्ये प्लायवूड असं ठळक लिहून अंडरलाइनसुद्धा केलं होतं! तसाच बाहेर पळालो आणि घरी फोन लावला. आई म्हणाली, "बरं झालं फोन केलास. चिंगी दोन दिवस खात नाहीये. लाळ गळतेय. ही नुसती रडतेय."

ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. गिनीपिगला वीस दात असतात आणि वीसच्या वीस जन्मभर वाढत राहतात. चिंगीच्या खालच्या दाढा वाढून कमानीसारख्या जिभेवर वळल्या होत्या. भूल देऊन त्या घासाव्या लागल्या. माझं घर तिने एका कोपऱ्यातच कुरतडलं होतं, त्यामुळे दोष त्याचा नव्हता असं डॉक्टर म्हणाले, पण फेकून द्या असंही म्हणाले. खरं कारण वेगळंच होतं. बहीण तिला लाडाने काकडी आणि बिस्किटं भरवायची, गवत नावापुरतं. लाकडाने मुख्यतः पुढचे दात झिजतात, दाढा झिजतात त्या गवत चघळून. लाकूड द्यायचंच तर सफरचंद, नाशपती, तुती, वाळुंज यांचं, रंग-पॉलिश न लावलेलं, औषध न फवारलेल्या झाडाचं. देवदार-चीड नको. आणि कण्हेर तर अजिबात नको, तिचा प्रत्येक भाग विषारी. (आमच्या अंगणात कुंपणाला कण्हेरच आहे. बहीण तीच फांदी तोडून देणार होती. अजून अंगावर काटा येतो.)

हॉस्टेलवर ही बातमी पसरली. विंगमधला एकजण मोडकी बॅट घेऊन आला, "विलो म्हणजे वाळुंजच ना, घे!" भावना चांगली होती, पण बॅटने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं, दांड्याच्या सांध्यात गोंद. परत दिली.

शेवटी मामांनीच त्यांच्या गावाकडून तुतीची मनगटाएवढी जाड फांदी आणून दिली. धुतली, सावलीत वाळवली, साल तशीच ठेवली. मग दोन तुकडे करून एकमेकांत बसवले. खिळा नाही, गोंद नाही. होय, तोच लॅप जॉइंट! तीन वेळा बिघडला, चौथ्यांदा बसला. मामांनी हलवून पाहिला आणि काही न बोलता पुढे गेले. वर ड्रिलने मोठी भोकं पाडली, त्यात गवत खोचता येईल अशी, म्हणजे गवत ओढता ओढता दाढाही कामाला लागतील. सगळ्या कडा कानशीने गोल केल्या.

दिवाळीत घरी नेलं. चिंगीने वास घेतला, पाठ फिरवली आणि पूर्ण दिवस ढुंकून पाहिलं नाही. मी मनातून खट्टू. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास अंधारातून कर्र कर्र आवाज आला. बहीण उठून माझ्या खोलीत आली. आम्ही दोघं फरशीवर बसून ऐकत राहिलो.

माझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला जॉइंट तिने दीड महिन्यात फस्त केला. बहिणीचा फोन आला तो नेमका सबमिशनच्या आदल्या दिवशी, "दादा, संपलं. दुसरं कधी पाठवतोस?"