मोड येत नाही ती वस्तू

धातूवर माझा वडिलोपार्जित विश्वास आहे. आमच्या आईने जन्मभर पितळेच्या घागरीने पाणी भरले. तिच्या लेखी प्लॅस्टिकची वस्तू ही वस्तूच नव्हे. कारण तिच्यावर नाव कोरता येत नाही नि तिला मोड येत नाही. घागर पोचली तर ठोकून घ्यावी, आणि अगदीच कामातून गेली तर मोडीत घालून वजनाचे पैसे घ्यावेत! टिकाऊपणाची याहून सुटसुटीत व्याख्या मला एम. ए.च्या एकाही ग्रंथात आढळली नाही.

तेव्हा गेल्या वैशाखात आमच्या बारा वर्षांच्या मोटारीतला, इंजिनाला हवा पुरविणारा चार फाट्यांचा नळ तडकला, त्या वेळी माझा कल कोणीकडे होता हे सांगायला नको. मिस्त्री त्याला 'मॅनिफोल्ड' म्हणतात. मूळचा होता काळ्या प्लॅस्टिकचा. कंपनीचा यायला तीन आठवडे लागणार होते. बाजारात दोन मिळत होते. एक तसाच प्लॅस्टिकचा, दुसरा ओतीव अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियमचा हातात घेतला की कसे भारदस्त वाटे!

थांबायला सवड नव्हती. आमची धाकटी लातूरला बारावीला आहे. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून ज्या असंख्य आईबापांनी आपली मुले तिथल्या खोल्यांत ठेवली, त्यांतलेच आम्ही. दर रविवारी नांदेडहून निघायचे, लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत तिचा डबा पोहोचवायचा. मागच्या खेपेला गाडीची चाल मंदावली की इंजिन आचके देई, आणि सौ. डबा मांडीवर घट्ट धरून अवाक्षर न बोलता बसल्या होत्या. शिवाय तडीतून आत शिरणारी हवा गाळणीतून आलेली नसते. आमच्याकडची धूळ सिलिंडरमध्ये गेली की ती पॉलिशकागदाचे काम करते. म्हणजे आज नळ, उद्या इंजिन!

"सर," मिस्त्री म्हणाले, "इंजिन म्हंजे काय पितळी घागर थोडीच हाय? त्याला थंड हवा लागते."

मग त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन पडताळून पाहिले. हवा तापली की विरळ होते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती सुमारे ९ टक्के कमी मावते. तितके इंजिनाचे बळ घटते. अॅल्युमिनियम इंजिनाची उष्णता भराभर ओढून आतल्या हवेला देते. प्लॅस्टिक ती वाटेतच अडविते. शिवाय ते हलके, आणि आतून गुळगुळीत. नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो. बॉनेटखाली काय होत असेल ते देव जाणे.

हलकेपणाला हसू नये, हे खरे तर लातूरने आम्हांला कधीच शिकविले आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या दिवसांत टँकरपुढच्या रांगा रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींच्या होत्या. दोन गल्ल्या ओलांडून भरलेली घागर न्यायची असली, की पितळेचा अभिमान खांद्याला परवडत नाही.

पण प्लॅस्टिक तितक्या जाती! मिस्त्रींनी दुकानातला नळ उलटा करून त्यावरची अक्षरे दाखविली : 'पीए ६६–जीएफ ३०'. म्हणजे नायलॉन, त्यात ३० टक्के काचेचे तंतू. बोल्टाच्या भोकांत धातूच्या बांगड्या आहेत का, ते त्यांनी पाहिले. मग तो काचेवर उपडा ठेवून कडेखालून कागद सरकतो का, तेही पाहिले. पहिल्या नळाखालून कागद सरळ आरपार गेला. तो परत केला. दुसऱ्याने काच धरून ठेवली. अॅल्युमिनियमच्या नळाची बैठकही त्यांनी तशीच तपासली होती. ती ओबडधोबड होती. 'भारदस्त' हा शब्द मी मनातल्या मनात मागे घेतला.

तेवढ्यात अहमदपूरच्या वाटेवर जीप चालविणारा एकजण आला. त्याचा गाळणीपासून इंजिनापर्यंतचा पाइप फुटला होता. मिस्त्रींनी त्याला मात्र लोखंडी पाइप नि दोन्ही टोकांना रबर दिले.

"हे कसे?" मी विचारले.

"सर, तुमचा नळ इंजिनाला चिकटलेला, तापतो. ह्याचा पाइप दूर हाय, तापण्याचं कमी, हादऱ्याचं जास्ती. वाटेत फुटला तर कोणत्या बी गावात वेल्डिंग होतं. प्लॅस्टिक कोण जोडून देणार? त्याची दिवसाची कमाई जाईल."

हे मला पटले. सरसकट प्लॅस्टिकची आरती ओवाळणाऱ्यांपैकी ते नव्हते.

नळ बसविताना त्यांनी बोल्ट एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, मापाच्या पान्याने. पान्याने 'टक्' केले की थांबत. शेजारच्या पोराने "अजून एक आटा देऊ का?" म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. मग इंजिन चालू करून सांध्यावर फवारा मारला. इंजिनाचा सूर बदलला नाही.

जुना तडकलेला नळ मी पिशवीत घालून घरी आणला. सौ. म्हणाल्या, "हे कशाला आणलंत?" धाकटीला दाखवायचा आहे, मी म्हणालो, उष्णतावहन तिच्या अभ्यासक्रमात आहे.