जागल

धान निसवलं की आमच्याकडे जागल सुरू होते. साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून ज्यांच्या बांध्या आहेत, त्यांना ती समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. रात्री मचानीवर बसून शेतात येणारी रानडुकरं हाकलायची. कळप शिरला तर खातो थोडं आणि लोळून नासवतो जास्त.

गावात ख्रिस्ती घरं दोनच. उपासनेला एसटीने भंडाऱ्याला जावं लागे, तेही महिन्यातून एखाद्या रविवारी. बाकीचे रविवार घरीच. बाबा वचन वाचत, आई गाणं धरी. भारी धानाची कापणी आणि आगमनकाल एकाच वेळी येतात. त्यामुळे नाताळाच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब विश्वासात जागं राहण्यावर बोलत, आणि खेड्यांतून आलेले निम्मे लोक बाकांवर डुलक्या घेत. ते रात्रभर जागल करून आलेले असत. पाळकसाहेबांना राग येई. मला गंमत वाटे.

२९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकालाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमची स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली मंडळीही त्यात होती. बाबांना जायचंच होतं. मोठ्या बांधीत कडपा पडलेल्या, जमीन बटईची, आणि घरात मोठा मुलगा मी, तेरा वर्षांचा.

"दोन रात्री सांभारशीन का?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं. शनिवारी दुपारी ते भंडाऱ्याच्या लोकांसोबत वरठीहून गाडीने गेले. वरठीचं स्टेशन म्हणजे भंडारा रोड. ते आलं की बाबा हमखास एक गोष्ट सांगत. १८९३ साली ना. वा. टिळक याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं निघालं आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना मात्र टिळकांपेक्षा त्या प्रवाशाचं कौतुक जास्त. "गाडीत कोनी बी झोपते," ते म्हणत. "तो सायेब झोपला असता तं?"

शनिवारची रात्र मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सगळी तयारी बाबा करून गेले होते. धुऱ्याच्या कडेने दोरी ताणलेली, तिला गोटे घातलेले टिनाचे डबे बांधलेले. दोरीचं टोक बाबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधत. कंदील भरलेला. मचानीखाली राखेत विस्तव झाकलेला. डुकरं आलीच नाहीत. सकाळी गावात मी छाती काढून फिरलो. कोणी विचारो न विचारो, रात्रभर जागल्याचं सांगितलं.

या सांगण्यात रविवार गेला. दुपारी कोणाच्या तरी बैलांनी दोरी तोडली होती, ती मी पाहिली आणि नंतर बांधू म्हणून सोडून दिली. रॉकेल घ्यायचं राहिलं. विस्तव विझला होता. जागायचं कसं ते मला कळलं आहे, अशी माझी समजूत झाली होती.

मध्यरात्रीनंतर कंदील फडफडला आणि गेला. थोड्या वेळाने धुऱ्यापलीकडून घुरघुर आली. मी झोपलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. मी टक्क जागा होतो. पण अंधारात खाली उतरायची हिंमत होईना आणि ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. पहाटेपर्यंत मी मचानीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि आमचं धान चावल्याचा आवाज ऐकत राहिलो.

सोमवारी संध्याकाळी बाबा आले. धुऱ्यावरून एक चक्कर मारली. मग मचानीवरचा कंदील उचलून कानाशी हलवून पाहिला.

"जागी होता?"

"हो. रात्रभर."

बाबा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान काढलं, दहा कुमारींचा दृष्टान्त.

"झोपल्या कोन?"

"पाच. मूर्ख होत्या त्या."

"वाचून पाह्य."

मी वाचलं. दहाही झोपल्या होत्या. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट किती वेळा ऐकली होती, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"झोप तं साऱ्यायलेच येते," बाबा म्हणाले. "तेल दिवसा भरा लागते." एवढंच. मार मिळाला नाही. मालकाचा हिस्सा मात्र पूर्ण द्यावा लागला, नुकसान आमच्या वाट्यातून गेलं. त्या उन्हाळ्यात आई पहाटे उठून दुसऱ्यांसाठी मोह वेचायला जाई.

पुढे नोकरीनिमित्त मी नागपूरला राहिलो. मंडळीच्या कमिटीवर आलो, खजिनदार झालो. उपासना चुकली नाही, वर्गणी थकली नाही. मंडळीच्या एका जागेचा वाद कोर्टात गेला, तेव्हा त्याची कागदपत्रं मीच सांभाळत असे. घरच्या प्रार्थनेला बसणं हळूहळू कमी झालं आणि मला ते कळलंही नाही. देवाचंच काम करतो आहे, असं वाटत होतं.

म्हातारपणी बाबा माझ्याकडे होते. एका थंडीच्या रात्री मी फायली घेऊन बसलो होतो. दीड वाजला असेल. आतून हाक आली.

"जागी हायेस का रे?"

"हो बाबा."

"मंग ये. प्रार्थना करू."

"सकाळी करू ना बाबा. उद्या तारीख आहे."

"बरं," ते म्हणाले.

सकाळी त्यांचं अर्धं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. पुढे अकरा दिवस ते होते. मी रोज त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली. ते माझं बोट धरून ठेवत. त्यांना किती कळत होतं, सांगता येत नाही. गेथशेमाने बागेत येशूसोबत गेलेल्या तिघांना झोप लागली होती. मला तर लागलीही नव्हती.

तारखेला त्या दिवशी मी गेलो नाही. पुढची तारीख मिळाली. वाद अजून चालू आहे. खजिनदारी मी सोडली.

आगमनकालात एकदा तरी गावी जातो. पुतण्या शेती करतो. आता मचान नाही, तारेचं कुंपण आणि झटका मशीन आहे. मागच्या खेपेला मी म्हटलं, "चल, एक रात्र जागलीला जाऊ." तो हसला. "काका, आता कोन जाते जागलीले?"

दिवस मावळायला आला होता. ताटं वाढली होती. मी प्रार्थनेला हात जोडले, तसा तो अर्धवट उठला. "थांबा काका, एक मिनिट. बॅटरी पाहून येतो."

आम्ही ताटांवर झाकण ठेवलं आणि तो येईपर्यंत बसून राहिलो.