विचारण्याची मोकळीक

नवीन साधन एखाद्या कचेरींत आलें म्हणजे तें वापरांतही आलेंच, असें आपण सहज समजतों. परंतु तार असो, दूरध्वनि असो कीं आजचा मोबाईल असो, त्याचा उपयोग शेवटीं माणसांनींच करावयाचा असतो. आणि माणसें तें साधन आनंदानें हातीं घेतील कीं भीतीनें टाळतील, हें त्या ठिकाणच्या वातावरणावर अवलंबून असतें. हा विचार मला माझ्या मावशीमुळें सुचला. ती आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील एका खेड्यांत अंगणवाडी सेविका आहे.

अंगणवाडीचा कारभार पूर्वीं वह्यांवर चाले. मुलांचीं वजनें, उंची, हजेरी, आहार, सर्व कांहीं हातानें लिहावें लागे. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारनें या नोंदींसाठीं ‘पोषण ट्रॅकर’ नांवाचें ॲप आणलें. हेतु उत्तम होता. एखादें मूल अशक्त होत असल्यास तें वेळींच कळावें. परंतु महाराष्ट्रांतील सेविकांपुढें तें इंग्रजींत आलें, आणि त्यांच्या हातांतील सरकारी फोन जुने व कमी क्षमतेचे होते. ऑगस्ट २०२१ मध्यें राज्यांत ठिकठिकाणीं सेविकांनीं ते फोन परत केले. त्यांस सुधारणाच नको होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. नीट चालणारा फोन व मराठी ॲप द्या, अशी त्यांची मागणी होती.

आमच्या जिल्ह्यास हा अनुभव अगदींच नवा नव्हे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व वरिष्ठ सरकारी कारभार उर्दूंत चाले. उर्दू न शिकलेल्या शेतकऱ्यास सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, त्याविषयीं आपलेपणा कोठून उत्पन्न व्हावा?

पुढें ॲपमध्यें मराठी आली. तथापि भाषेनें अर्धेंच काम होतें. मावशी सांगते कीं, प्रारंभीं त्यांच्या मासिक बैठकींत ज्यांच्या नोंदी अपुऱ्या असत, त्यांचीं नांवें सर्वांसमक्ष वाचलीं जात. मग “मला हें समजलें नाहीं” असें म्हणण्याचें धैर्य कोणास व्हावें? कित्येकजणी घरीं मुलाच्या हातीं फोन देऊन नोंदी भरून घेत आणि बैठकींत गप्प बसत. आंकडे वेळेवर वर जात. सेविका मात्र होती तेथेंच राही.

नंतर दुसऱ्या मुख्य सेविका बदलून आल्या. पहिल्याच बैठकींत त्यांनीं स्वतःचा फोन पुढें केला व म्हणाल्या, “ताईंनो, ही नोंद काल मला जमली नाहीं. कोणास येत असल्यास दाखवा.” एका तरुण सेविकेनें ती करून दाखविली. त्या दिवसापासून बैठकीचा रंग पालटला. जिला जें येई, तें ती दुसरीस शिकवूं लागली. पन्नाशी उलटलेली माझी मावशीही हळूहळू स्वतः नोंदी करूं लागली.

एके दिवशीं नोंद करतांना तिच्या ध्यानांत आलें कीं, एका मुलीचें वजन मागील दोन महिने मुळींच वाढलें नाहीं. ती तडक त्या घरीं गेली आणि मुलीच्या आईस बरोबर घेऊन आरोग्य केंद्रांत पोंचली. ती मुलगी आतां अंगणवाडीच्या अंगणांत धांवत असते. नोंद मावशीच्या मुलानें केली असती, तर आंकडा वर गेलाच असता. पण मागील आंकड्यांशीं तो ताडून पाहण्याचें त्यास काय कारण होतें?

विद्यार्थिमित्रांनो, आपलें घर व आपला वर्ग यांसही हेंच लागू आहे. आजोबा फोनमधील एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हां आपण हंसलों, तर तिसऱ्यांदा ते विचारणार नाहींत. पालकांसही माझी नम्र विनंती आहे कीं, मुलांपुढें “हें मला येत नाहीं, तूं शिकव” असें म्हणण्यांत कमीपणा मानूं नये. जेथें वडीलधारीं माणसें असें म्हणतात, तेथें लहानांसही प्रश्न विचारण्याची लाज वाटत नाहीं.